सरळ केलेला ताल

आमच्या कॉलेजच्या रॉक बँडचा अल्बम तीस वर्षांनी एकदाचा स्टुडिओत रेकॉर्ड झाला. परवा आमचा गिटारवाला सुधीर तो घेऊन घरी आला. आवाज इतका स्वच्छ होता, की गाणाऱ्याचा श्वास ऐकू येत नव्हता आणि तारांवरून बोटं सरकल्याची करकरही नव्हती. मला मात्र माझ्याच ड्रम्सचा संशय येऊ लागला. दुसऱ्या कडव्यात मी नेहमी घाई करतो. रेकॉर्डिंगच्या दिवशीही केली होती. इथे एकही ठोका इकडचा तिकडे नव्हता.

"सुधीर, हा मीच आहे ना?"

"तूच रे. कॉम्प्युटरवर ताल थोडा सरळ केलाय, एवढंच," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

थोडा म्हणजे किती, हे विचारायचा मला धीर झाला नाही. घाई, धाप, चुका काढून टाकल्यावर जे उरतं, त्याला त्याच माणसाचं नाव द्यायचं का, कोण जाणे.

गाणं संपलं. इतकी वर्षं माझा सराव मुकाट्याने सोसणारी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "या वेळी किती छान वाजवलंस!"

"थँक्यू," मी म्हणालो, आणि दुसऱ्याच कुणाचं कौतुक खिशात घातल्यासारखं वाटलं.