सुरू ठेव

भैरवीताई मूळच्या गुहागरच्या. दोहात बागा लावणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. वाळवंटात अर्धं आयुष्य गेलं, पण जिभेवरचं गुहागर काही उतरलं नाही. कंपनीकडे असलेल्या एका फार्मवर वाऱ्याला आडोसा म्हणून उंच, सुयांसारख्या पानांच्या झाडांची रांग होती. सगळे त्यांना पाइन म्हणत. ताईंसाठी ते सुरू, गुहागरच्या किनाऱ्यावर असतात तसे.

त्या सुरूंत दर हिवाळ्यात लांब कानांची घुबडं मुक्कामाला येत. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांतली पाखरं ती; तसली गर्द सावली इथे दुसरीकडे कुठे मिळणार? दिवसभर ती खोडाला चिकटून झोपत आणि ताई मान दुखेस्तोवर खालून बघत. ऑफिसात थट्टा व्हायची. होईना का!

यंदा फार्ममधल्या रस्त्यासाठी ती झाडं पाडायचं ठरलं. सकाळपासून काम चालूही झालं होतं. ताई तडक शहरात, वेस्ट बेच्या टॉवरमधल्या ऑफिसात गेल्या आणि फार्मचे मालक जियाद यांच्याशी कडाकडा भांडल्या. शेवटी ते हसले. "ओके, खलास! कीप द ट्रीज."

लिफ्टमधूनच ताईंनी साइटवरच्या अभिजितला मेसेज टाकला, 'सुरू ठेव.' 'हो ताई,' लगेच उत्तर आलं.

गाडी सिग्नलला थांबली आणि ताईंनी आपलाच मेसेज पुन्हा वाचला. अभिजित लातूरचा. समुद्र पाहिला तोच मुळी विमानातून. सुरू नावाचं झाड असतं हे त्याला कोण सांगणार? त्यांनी फोन लावला. नुसताच वाजत राहिला. करवतींच्या आवाजात त्याला कसला ऐकू येतोय! "यल्ला, भाई, यल्ला!" त्या ड्रायव्हरवर ओरडत सुटल्या.

फार्मवर पोचताच दार उघडं टाकून त्या धावल्या. "थांबव, मेल्या, थांबव!"

करवती थांबल्या. अभिजित गोंधळून फोन पुढे करत म्हणाला, "ताई, तुमीच तर लिहिलाव की, सुरू ठेव. मी तर दुसरी करवतबी लावली."

"अरे, सुरू म्हणजे ही झाडं!"

रांग आडवी झाली होती. टोकाचं एकच झाड उभं होतं आणि भर उन्हात उठवलेली घुबडं त्याच्या फांद्यांत दाटीवाटीने बसली होती. ताईंना रडूच कोसळलं. अभिजितचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्याचं काय करू, ताई?" त्याने हळूच विचारलं.

तोच शब्द ताईंच्या ओठांवर आला. त्यांनी तो गिळला.

"हे झाड," बोट दाखवत, एकेक शब्द सुटा करत त्या म्हणाल्या, "तोडायचं नाही."