बसून बघणारा माणूस

नमुनाकाकांचं काम बसण्याचं होतं. बसून करायचं काम नव्हे, बसणं हेच काम. शहराच्या बसगाड्यांसाठी, बागांसाठी, स्टॉपसाठी जे काही नवीन घडवायचं ठरे, ते आधी कार्यालयामागच्या लांबट शेडमध्ये लाकडात आणि पत्र्यात करून बघत. मग काकांना हाक मारत. काका येत, बसत, पाठ टेकवत, पाय लांब करत, आखडत, एकदा डावीकडे कलत, एकदा उजवीकडे. मग उठून पँट झटकत आणि म्हणत, "बसतंय." किंवा, "नाही बसत." नाही बसत म्हटलं की सुतार कारण न विचारता पुन्हा रंधा हातात घेई. दिलेला शब्द काकांनी कधी मागे घेतला नव्हता, आणि कोणी तो घ्यायलाही सांगितला नव्हता.

खरं तर ते तिथे वेल्डर म्हणून लागले होते. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना सर्वसाधारण माणूस हवा होता. पुस्तकातली मापं कुठल्याशा परक्या देशातल्या शिपायांची होती, आणि आपल्या बसमध्ये शिपाई थोडेच बसणार, असं साहेबांचं म्हणणं. म्हणून त्यांनी टेप घेऊन सगळ्या कारखान्याला रांगेत उभं केलं. कोणी लांब निघाला, कोणी आखूड, कोणाचे पाय ठीक तर हात नको तेवढे. काका मात्र सगळीकडून मधोमध निघाले. गुडघा मधोमध, कोपर मधोमध, पोटसुद्धा त्या मानाने मधोमध. "देवाने हा माणूस मोजपट्टी हातात धरून केलाय," साहेब म्हणाले. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "काय नमुना आहे!" ते नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. घरी काकूंनी तर शेजारणींना सांगायला सोपं वाक्य तयार ठेवलं होतं. "आमचे हे बसून खातात," असं त्या चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगत.

हळूहळू सगळं शहर काकांच्या मापाचं झालं. बसमधली सीट त्यांच्या गुडघ्याच्या उंचीची, वरची कडी त्यांच्या उचललेल्या मुठीच्या उंचीची, तिकीटखिडकी बरोबर त्यांच्या तोंडासमोर. काका हे कुठे बोलून दाखवत नसत. पण संध्याकाळी बागेतून येताना एखाद्या बाकावर कोणी पाठ सैल सोडून बसलेलं दिसलं, की त्यांची छाती फुगे. बसमध्ये जागा असली तरी ते बसत नसत. उभं राहून लोक कसे बसलेत ते बघत. काकू शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून बघत राहत, मग ती खाली ठेवत.

निवृत्ती जवळ आली तसे गुडघे बोलायला लागले. ते एक वेळ चाललं असतं. पण दरवर्षी शेडमधल्या भिंतीवरच्या खुणेला पाठ लावून काकांची उंची तपासायची पद्धत होती, आणि काका खुणेच्या खाली घसरले होते. माणूस म्हातारपणी थोडा आखूड होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण काका सर्वसाधारण नाहीत, तर मग कोण? त्यांनी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि बुटांत घातला. लोक केसांना कलप लावतात, काकांनी उंचीला लावला. त्या वर्षी खूण बरोबर डोक्यावर आली.

अशात शेडमध्ये नव्या आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी उद्याच्या शहरासाठी एक वस्तू केली होती. तिचं नाव 'टेकू'. स्टॉपच्या भिंतीतून बाहेर आलेली एक तिरपी, गुळगुळीत फळी. तिच्यावर बसायचं नाही, उभ्या उभ्या नुसतं टेकायचं. जागा वाचते, पाणी साचत नाही, खालून झाडून घेता येतं, शिवाय कोणी त्यावर आडवा पडत नाही. बाईंचा हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूने इतकी सुबक फळी होत नाही.

काका टेकले. क्षणभर बरं वाटलं. मग सगळा भार मांड्यांवर आला, तिथून गुडघ्यांत उतरला, आणि उजवा पाय पँटच्या आत लटलटायला लागला. समोरच्या भिंतीवर ती खूण होती. काका खुणेकडे बघत राहिले.

"बसतंय," ते म्हणाले.

"यावर बसायचं नाहीये, काका. टेकायचंय."

"टेकतंय."

"नक्की ना? गुडघ्यांवर ताण येतोय का?"

"छे."

बाईंना इतका आनंद झाला, की पहिला टेकू काकांच्याच घराजवळच्या स्टॉपवर बसवायचं ठरलं, त्यांचा मान म्हणून. बाकीचे स्टॉप नंतर. काकांनी तरुणपणी पास केलेला जुना लोखंडी बाक गॅस कटरने कापून टेम्पोत टाकला गेला, आणि काकांना त्या मानाबद्दल आभार मानावे लागले.

त्या स्टॉपवरून काकू रोज दुपारी लेकीकडे जात. लेकीची ड्यूटी दुपारची, नात लहान. काकू गेल्या नाहीत तर पाळणाघर, आणि पाळणाघराचं नाव काढलं की काकू जेवत नसत. बस मात्र तिला वाटेल तेव्हा येई.

टेकू लागला त्या दिवशी काकू परत आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुम्ही पास केलात ते?"

काकांनी मान हलवली.

"तुम्हाला टेकता आलं?"

काका पाण्याचा पेला भरायला उठले.

"माझ्या तर ते पाठीच्या मध्यावर येतं. कोणीतरी मागून ढकलत असल्यासारखं वाटतं. आज सगळा वेळ उभी होते. असंच असेल तर माझ्याच्याने नाही होणार. पोरीला सांगून टाका, पाळणाघर बघ म्हणावं."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर काकांना झेपलं असतं. पण त्या पाय चोळत, भाजीचा भाव सांगावा तशा बोलल्या.

"टेकायची एक पद्धत असते," ते म्हणाले. "उद्या मी रजा टाकतो. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दोघं स्टॉपवर गेले. काकांनी पद्धत दाखवली. टाचा पुढे, कंबर सैल, भार मागे. काकूंनी तसं केलं आणि त्या घसरल्या. काकांनी पुन्हा दाखवली आणि तेही घसरले. शेवटी उद्याच्या शहराला पाठ लावून दोघं फुटपाथच्या कडेवर बसले. येणारे जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

"पद्धत कळली," काकू म्हणाल्या.

बस आली. काकांचे गुडघे इतके ठणकत होते, की पहिल्यांदाच ते काकूंच्या शेजारी सीटवर बसले. काकूंनी सवयीने पिशवी खाली ठेवली, सरळ केली आणि दोन्ही पाय तिच्यावर ठेवले.

काकांनी खाली बघितलं. मग पलीकडच्या सीटखाली बघितलं. तिथे एका बाईची पावलं हवेत हलत होती. तिच्या पुढच्या सीटवर एका म्हाताऱ्याने चपला काढून बोटं कशीबशी टेकवली होती. इतकी वर्षं काकांनी उभं राहून लोकांच्या पाठी बघितल्या होत्या. उभ्या माणसाला पाठी आणि डोकी दिसतात, पाय दिसत नाहीत.

"पिशवीवर पाय का ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

"खाली टेकत नाहीत."

"कधीपासून?"

"या सीटा आल्यापासून. मांड्यांना मुंग्या येतात. म्हणून पिशवीत जुनी चादर घडी करून ठेवते, उंची येते."

"मला कधी बोलली नाहीस."

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. "तुम्ही म्हणाला होतात ना, बसतंय. मला वाटलं माझंच काही कमी आहे."

लेकीच्या स्टॉपपर्यंत काका सीटांखालची पावलं मोजत राहिले. नात धावत आली तेव्हा तिला उचलून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. ती गुडघ्यांची नव्हती, पुठ्ठ्याचीही नव्हती.

सकाळी शेडमध्ये गेल्यावर त्यांनी बूट काढले, पुठ्ठे बाहेर काढून बाईंच्या टेबलावर ठेवले आणि मोज्यांवर जाऊन खुणेला पाठ लावून उभे राहिले.

"टेकू नाही बसत," ते म्हणाले. "मी खोटं बोललो."

बाईंनी पुठ्ठ्यांकडे बघितलं, खुणेकडे बघितलं. "काका, तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"मग मी कोण उरलो असतो?"

बाईंनी पुठ्ठे एकावर एक नीट ठेवले. त्यांनी सुताराला हाक मारली आणि टेकूचे पुढचे नग थांबवायला सांगितले. काम लांबलं म्हणून वर त्यांना बोलणी खावी लागली. ती त्यांनी काकांचं नाव न घेता खाल्ली. भिंतीवरची खूण मात्र कोणी पुसली नाही. पुसायची गरजच उरली नाही, कारण त्यानंतर शेडमध्ये एकाच माणसाने बसून बघायचं बंद झालं. बुटके, उंच, कुबड्या घेणारे, कडेवर पोर असलेल्या बाया, सगळे येऊन बसू लागले. काकांकडे त्यांना आत आणायचं काम आलं. दारातच ते प्रत्येकाला दरडावत, "भिडेखातर चांगलं म्हणू नका. मी तेच केलं."

बसच्या नव्या सीटचा नमुना तयार झाला तेव्हा बाईंनी काकूंनाच बोलावलं. काकू ठेवणीतली साडी नेसून, पिशवी घेऊन आल्या. शेड त्यांनी पहिल्यांदाच बघितली. "इथे बसून खात होता होय," एवढंच म्हणाल्या. मग सीटवर बसल्या आणि सवयीने पिशवी खाली ठेवली. पाय वर घ्यायला गेल्या, तर गुडघे पोटाशी आले.

त्यांनी पिशवी बाजूला सारली. दोन्ही पावलं जमिनीवर टेकली, टाचांसकट. काकू कितीतरी वेळ खाली पावलांकडेच बघत बसल्या.

"कसं वाटतंय, काकू?" बाईंनी विचारलं.

काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. इतक्या वर्षांनी तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती काकांपुढे धरली.

"धरा जरा."

काकांनी ती घेतली. चादरीमुळे ती वाटत होती त्यापेक्षा जड होती. त्यांचे गुडघे दुखत होते आणि शेडमध्ये दुसरी खुर्ची नव्हती. काकूंचं बसून होईपर्यंत ते पिशवी धरून उभे राहिले.