निघून जाणारा माणूस

माझं चालणं चोरीला गेलं आहे, आणि चोर मला रोज जेवायला वाढतो.

ते साधंसुधं चालणं नव्हे. फुटपाथवर रुमाल विकणारा मी आज मीरा रोडला पडद्यांचं दुकान चालवतो, ते त्याच्याच जोरावर. भाव पटला नाही की "राहू दे" म्हणायचं आणि निघायचं. पाय निघालेले दिसावेत, कान मात्र दुकानातच ठेवायचा. हाक येतेच! राहता फ्लॅटही मी बिल्डरच्या ऑफिसातून असाच दोनदा निघून जाऊन मिळवला. (दुसऱ्यांदा लिफ्टपर्यंत जावं लागलं.)

यंदा माझ्या पत्नीनं, सुनंदानं, इथल्याच बेव्हर्ली पार्कमध्ये स्टॉप-मोशनचा क्लास लावला. तारेच्या सांगाड्यावर माती चढवून बाहुला करायचा, केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा. फोटो भराभर दाखवले की बाहुला चालतो. तिचा चालेना. ओल्या लादीवरून साबण सरकावा तसा सरकायचा.

"अहो, सर म्हणतात, पाय नंतर हलवा. आधी त्याला कुठं जायचंय ते ठरवा."

"बाजारात धाड."

"तुम्ही बाजारात कसे चालता? दाखवा ना."

इथे मी फसलो. सोफ्याला दुकान समजून मी हॉलमध्ये निघून दाखवलं. ती पुरे म्हणेपर्यंत! वर समजावूनही सांगितलं, "बघ, आता वेग कमी. पिशवी या हातातून त्या हातात. मग मान किंचित मागे, चप्पल बघितल्यासारखी."

बाहुला चालला. कसला चालला! टक्कल माझं, पोट माझं, भुवयाही माझ्या. फिल्म बिल्डिंगच्या ग्रुपवर गेली. शेजारचे गुजराती काका लिफ्टमध्ये हात जोडून म्हणाले, "भाईसाब, क्या एक्टिंग है!"

मी घरी येऊन ओरडलो, "आधी ते डिलीट कर!"

"का? सर म्हणाले, बाहुल्याला मन आहे."

"ते मन माझं आहे!"

रविवारी मासे आणायला गेलो. राई गावची हिरा कोळीण आमची नेहमीची. तिनं सुरमईचा भाव सांगितला, मी माझा. मी "राहू दे" म्हणालो आणि निघालो. हाक आली नाही. हिराचा आवाज मात्र आला, शेजारणीला उद्देशून, "जाऊ दे त्यांना. खरं न्हाय जायाचे ते. ताईंनी मोबायलवर दावलंय ना! बग, आता हलू व्हतील..."

मी हळू झालोच होतो.

"आता पिशवी..."

पिशवी दुसऱ्या हातात पोचली होती!

"आता मान!"

सगळी कोळणींची ओळ वाट बघत होती. मी मान वळवली नाही. प्राण गेला तरी वळवणार नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर निघून गेलो, आणि रिकाम्या पिशवीनिशी घरी पोचलो.

"मासे?" सुनंदानं विचारलं.

"संपले."

ती पिशवी घेऊन गेली आणि सुरमई घेऊन आली. मी मागितलेल्या भावात! वर मूठभर कोलंबी फुकट, फिल्म आवडली म्हणून.

"हिरा म्हणाली, दादांना सांगा, राग मानू नका."

मी राग मानला. सुरमई संपूर्ण रागात खाल्ली. राग मोठा होता, चार तुकड्या लागल्या.