कोट्टगैतली पुढची खुर्ची

कुंभकोणमला नाटकगृहाला आम्ही कोट्टगैच म्हणतो. आमचं आधी झावळ्यांचं होतं, मग पत्र्याचं झालं, मग त्यात सिनेमा शिरला आणि शेवटी तिरुभुवनम्‌च्या रेशमी साड्यांचे सेल. आता ते पाडून मंगल कार्यालय बांधणार आहेत. गावातली लग्नं जागेवाचून अडली होती जणू!

रामनवमीला तिथे, पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरांचं नाटक व्हायचं. नायिका माझे वडील. बायकांनी रंगमंचावर जायचं नाही, पण पुरुषाला नऊवारी नेसवायला मात्र बाईच हवी. ते काम आत्याचं, म्हणजे त्यांच्या बहिणीचं. नेसवून झालं की ती सुईदोरा घेऊन मागच्या पडद्याआड उभी राहायची. भर नाटकात कासोटा सुटला असता तर अब्रू सगळ्यांचीच गेली असती.

वडील रडायला लागले की अख्खं कोट्टगै डोळे पुसायचं. आत्याला दिसायची फक्त पाठ.

"सगळ्यांनी बघितलं, मजच नाही दिसलं त्याचं रडतं तोंड," असं ती मला अजून ऐकवते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नाटकातला फोटो एकही नाही.

कोट्टगै पाडणार हे कळल्यावर तिने हट्टच धरला, "मज एकदा पुढं बसव." तिथे धुळीशिवाय काय आहे, म्हणून मी कुरकुरलो. पण शेवटी मेलकावेरीच्या आमच्या घरून रिक्षा केली.

खुर्च्या केव्हाच गेल्या होत्या. वॉचमनने आपली प्लास्टिकची खुर्ची दिली, ती मी अगदी पुढे मांडली. आत्या पदर सावरून बसली. रिकाम्या रंगमंचाकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"तू चढ वर," ती म्हणाली.

"मी? मला कुठे नाटक येतं?"

"नुसता उभा राह. तोंड त्याचंच आहे तुझं."

टक्कल, सुटलेलं पोट घेऊन मी चढलो. रडण्याचं सोंग करावं लागलंच नाही. त्या फळ्यांवर पाय ठेवताच वडिलांची इतकी आठवण आली की डोळे आपोआप वाहायला लागले. आत्या एकटक बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"नाही रे. ओळख लागेना. वळ बघू, पाठ कर."

मी वळलो. मग तिला हुंदका फुटला.

"हां," ती म्हणाली, "हा माझा भाऊ."