टोपड्याची तपासणी

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या पार्टमध्ये खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. ही खोड गेटवर ठेवून येता येत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर ‘कमी आहे’ एवढ्यावर मी कधी थांबलो नाही. मागच्या वेळीही कमी होतं, हेसुद्धा ऐकवायचो. बायको म्हणायची, “घरी आल्यावर तरी ड्युटी संपवत जा हो.”

दुसऱ्या लाटेत मी पॉझिटिव्ह निघालो. पिंपळे गुरवला आमच्या दोन खोल्या. पालिकेची माणसं येऊन दारावर कागद चिकटवून गेली आणि आम्ही दोघं आत अडकलो. मी आतल्या खोलीत, ती बाहेरच्या. लेक लातूरला सासरी होती, आठवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून बायकोनं दिवाळीपासून डिंक, खारका जमवून ठेवल्या होत्या. आता लेकीला येता येत नव्हतं आणि हिला जाता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं माझा नाइट शिफ्टचा जुना स्वेटर काढला आणि उसवायला घेतला. मी आतून ओरडलो. ती म्हणाली, “ओरडू नका. लेकराला पहिलं जुनंच घालायचं असतंय. नातवाला टोपडं करते. तेवढं तरी माझ्या हातचं जाऊ द्या.”

क्रोशाची सुई तिनं जन्मात धरली नव्हती. खालच्या वहिनींनी दुधाच्या पिशवीतून एक वर पाठवली. मोबाइलवर व्हिडिओ लावून ती साखळी शिकली, मग खांब शिकली. टाके मोजताना मध्येच मी खोकलो की मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. चार दिवसांत पहिलं टोपडं झालं. मधल्या उंबऱ्यावर ठेवून ती लांब उभी राहिली.

माझ्या बॅगेत पार्ट मोजायचं व्हर्नियर होतं. मी ते काढलं. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण काढलं. एक कानपट्टी दुसरीपेक्षा खाली आली होती. “रिवर्क,” मी म्हणालो.

ती पदरात तोंड लपवून हसली आणि तिनं ते सगळं उसवलं. दुसऱ्याचा घेर कमी भरला. तिसऱ्यात एका ओळीत खांब सुटला होता. तेव्हा मात्र ती चिडली. “लेकराचं डोकं हाय ते, बेअरिंग नाही!” तरी उसवलं. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. अंगात ताकद नव्हती, कंपनीतून कुणाचा फोन येत नव्हता, आणि या एका कामात माझ्या शब्दाला किंमत होती. तीही रोज विचारायची, “साहेब, आज पास होईल का?”

चौथं टोपडं चांगलं झालं होतं. अगदी चांगलं. मी व्हर्नियर लावलं आणि दोन मिलिमीटरचा फरक सांगितला. ती “बरं” म्हणाली आणि उचलून घेऊन गेली. तिचा आवाज बसला होता, चालताना तिनं भिंत धरली होती. मी दोन मिलिमीटर मोजले, तिचा ताप मोजला नाही. बाहेरच्या खोलीत ती उसवत बसली आणि मी पांघरूण घेऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा ऑक्सिजन उतरला. ॲम्ब्युलन्स आली. मला खाली जायची परवानगी नव्हती, मी गॅलरीत उभा होतो. आत चढताना तिनं वर पाहून सांगितलं, “लोकर तशीच पडलीय. गुंडाळून ठेवा, गुंता होईल.”

मी गुंडाळून ठेवली. नवव्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला. मला ती प्लास्टिकमध्ये बांधलेलीच दाखवली.

पुढच्या महिन्यात लेकीला मुलगी झाली. फोनवर ती आधी रडली, मग म्हणाली, “बाबा, आई टोपडं करत होती ना? झालं होतं का?”

माझ्यासमोर डब्यात लोकरीचे तीन गुंडे होते, बाकी काही नव्हतं. चार टोपडी झाली होती त्या घरात. एकदा तोंड मिटून बसलो असतो तरी त्यातलं एक उरलं असतं. मी म्हणालो, “झालंय. पाठवतो.”

बायकोच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ होता. माझी बोटं जाड, सुई सारखी निसटायची. साखळी जमायला आठवडा गेला. उसवलेल्या लोकरीला तिच्या टाक्यांच्या वळ्या पडल्या होत्या, त्यामुळे धागा सरळ राहत नव्हता. गरम पाण्यात बुडवली की लोकर सरळ होते, असं खालच्या वहिनी म्हणाल्या. मी त्यांच्यावर उगाच खेकसलो. मला ती सरळ करायची नव्हती.

वाढवून घेतलेली रजा संपेपर्यंत एक टोपडं तयार झालं. कसं झालं ते विचारू नका. मी ते मोजलं नाही, कुरियरला दिलं.

तपासणीच्या निकालासाठी थांबावं तशी मी त्यानंतर लेकीच्या फोनची वाट पाहिली. तिनं व्हिडिओ कॉल केला तेव्हा बाळाच्या डोक्यावर टोपडं होतं आणि ते भुवयांच्या खाली उतरून एक डोळा झाकत होतं. लेक हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

“किती वाकडं केलंय आईनं! आणि बाबा, तुम्ही हे पास केलंत?”

“केलं,” मी म्हणालो. “तिनं पहिल्यांदा दाखवलं, तेव्हाच केलं.”

“मग खूश झाली असेल.”

“हो,” मी म्हणालो. “खूप.”