केडगावची सुशी

दसरा झाला आणि आम्ही दोघी जावा श्रीरामपूरहून नगरच्या एसटीत बसलो. एक वाद मिटवायचा होता. सुशी (आंबूस भात आणि मासा समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळून केलेल्या जपानी वड्या) नगरच्या उपनगरांत आमच्या ओळखीच्या दोन ठिकाणी मिळायची. धाकटी जाऊ नंदा सावेडीच्या बाजूची, मी केडगावच्या. एकाच दिवशी दोन्हीकडे खायचं आणि काय ते एकदाचं ठरवायचं. घरात सगळे हसतात आम्हाला. हसू देत!

राहुरी मागे पडली. उसाला तुरे आले होते, तोडीला आलेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर कडेनं चालले होते. नंदानं चिवड्याची पिशवी काढली.

"अगं, पोटात जागा ठेव की!"

"सावेडीपुरती आहे, ताई," ती म्हणाली. टोमणा माझ्या केडगावला होता.

सावेडीच्या हॉटेलला काचेचं दार, आत एसी, पाटीवर 'शुद्ध शाकाहारी'. शेजारच्या टेबलावर भिशीच्या बायका खिदळत होत्या. पनीरची सुशी आली, वर मेयोनीजच्या रेघोट्या. भात गोडसर, गारढोण. खरं सांगू? अगदीच वाईट नव्हती. श्रावणापासून आम्ही हीच खात होतो, जिभेला सवय झाली होती.

केडगावचा काशीनाथ मूळचा राजूरकडच्या डोंगरातला. पुण्यात हॉटेलात हे काम शिकला आणि बायकोला घेऊन इथं छोटंसं दुकान टाकलं. तांदूळ गावाकडचा, चिकट इंद्रायणी. मासा पुण्याहून बर्फात यायचा. आखाडात आम्ही शेवटचं गेलो, तेव्हा तो हात पुसत बाहेर आला होता.

"मावशी, श्रावनात मासा आननार न्हाई. काकडीची करतो, भोपळ्याची करतो. पन तुमी येत ऱ्हावा. तेवढं निभलं की दुकान तरलं."

"अरे, पण सुरी तीच ना? कापायचा पाट तोच ना? श्रावणात कसं चालेल रे?" नंदा म्हणाली होती. मीही मान डोलावली. मग श्रावण सरला तर गणपती, गणपती गेले तर पितृपक्ष, लगेच नवरात्र.

सावेडीहून रिक्षा केली. दुरूनच दुकान उघडं दिसलं, बाहेर ही गर्दी! माझा जीव भांड्यात पडला. जवळ गेलो तर लोण्याचा वास. पाटी नवी होती, पावभाजीची. तव्यापुढे काशीनाथ उभा.

"या मावशी! लई दिसांनी."

"अरे, आणि सुशी?"

"बंद केली. श्रावनात नुसता बसून हुतो. गनपतीत बी तेच. जो तो म्हने, सुरी तीच हाय." त्यानं भाजी उलथली. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पक्ष लागला तवा ही म्हनली, आता बास."

त्याची बायको पाव कापता कापता बोलली, "आता बरं चाललंय. सोमवार-गुरवार तर लई गर्दी."

नंदा एकदम म्हणाली, "तुमचीच चांगली होती हो. मी आपली उगाच भांडायचे."

"आता सांगून काय, मावशी!" तो हसला. "बसा, गरम हाय."

पावभाजी चवदार होती. काकडीच्या चकत्या मात्र इतक्या पातळ आणि एकसारख्या कापलेल्या, की मी एक उचलून उजेडासमोर धरली. पावभाजीच्या दुकानात कोण बघतंय त्या चकत्यांकडे? लोक लिंबू पिळत होते आणि निघून जात होते.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. नंदा पदराशी चाळा करत होती. विळद मागे पडल्यावर म्हणाली, "ताई, आपणच त्याला एक नवी सुरी आणि पाट नेऊन दिला असता तर?"

भांड्यांच्या दुकानावरून मी रोज भाजीला जाते. एवढी साधी गोष्ट त्या तीन महिन्यांत एकदाही कशी सुचली नाही, देव जाणे.