देवापुढची चहाडी

आमच्या आत्याला कशाची किळस यावी आणि कशाची येऊ नये, याचे नियम उरलेल्या जगाच्या नेमके उलट होते. प्रसूतीच्या इस्पितळात तिने एकतीस वर्षे आया म्हणून काम केले. रक्त, ओकारी, बाळंतिणीचे कपडे, तुंबलेली मोरी, यांपैकी कशानेही तिच्या कपाळावर आठी पडलेली कोणी पाहिली नाही. न्हाणीघरात मेलेली घूस ती शेपटीला धरून बाहेर टाकून येई आणि साबणाने हात धुऊन पुन्हा चपात्या लाटायला बसे. मात्र कोणी चारचौघांत डोळे मिटून, गळा दाटून आणून देवाशी बोलू लागले, की तिच्या नाकपुड्या फुगत आणि तोंडून एकच अक्षर निघे, "शी." आम्ही भावंडे तिला शीआत्या म्हणत असू. तिला ते ठाऊक होते आणि त्याची तिला किळस नव्हती.

आमचे घर रंगाऱ्यांचे. म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या हे घरात कोणालाच नीट सांगता येत नसे. कापड रंगवणे आजोबांबरोबर संपले, आणि आमची मराठी मात्र कानडीच्या हौदात बुडून बुडून टिकली. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन आत्या माहेरी आली ती माझ्या आईवडिलांच्या घरातच राहिली. तिला वाचता जेमतेम येई. पोथी तिने कधी उघडली नाही. परंतु देवापुढे उभे राहण्याविषयी तिचा एक नियम होता, आणि मी चाळीस वर्षे गणित शिकवूनही इतका काटेकोर नियम दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात पाहिला नाही.

नियम असा. देवापुढे दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही. आजारी माणसासाठी घेतलेले चाले, परगावी निघालेल्यासाठी घेतलेलेही चाले. पण दुसऱ्याने सुधारावे म्हणून घ्यायचे नाही. शेजारच्या एक बाई तुळशीपुढे हात जोडून रोज मोठ्याने म्हणत, "देवा, माझ्या जावेला सद्बुद्धी दे." एके दिवशी आत्या कुंपणापलीकडून म्हणाली, "शी. ही प्रार्थना नव्हे कणे बाई, चहाडी आहे. वर्गात पोरं उठून बाईंना सांगतात ना अल्वा, तसली." त्या बाई महिनाभर आमच्याकडे आल्या नाहीत. आत्या म्हणाली, "नाही आली तर नाही. सुम्ने, उगाच देवाचा कान कशाला खराब करायचा?"

नियमाचा दुसरा भाग अधिक कठीण होता. स्वतःची चूक सांगायची ती आधी ज्याच्याशी केली त्याला, आणि मग देवाला. ते होईपर्यंत संध्याकाळचा दिवा लावायचा नाही. त्यामुळे आमच्या घरी दिव्याला ठरलेली वेळ नव्हती. एकदा तिने दूधवाल्या गौडतीला दुधात पाणी घालतेस म्हणून दारात सुनावले. संध्याकाळी उघडकीस आले की सांडलेले दूध लपवण्यासाठी पाणी मीच घातले होते. आत्याने मला शब्दानेही रागावले नाही. पायात चपला सरकवल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून ती गौडतीकडे निघाली. दिव्याआधी आम्हाला खायला मिळत नसे. मी भुकेने कळवळून म्हटले, "उद्या सकाळी येईलच की ती. देवाला आत्ता सांग, तिला उद्या सांग." आत्या पायरीवर थांबली. म्हणाली, "देव कुठं जातो? तो आहे तिथंच बसलेला. माणूस उठून जातो."

हे वाक्य मी तेव्हा ऐकले. समजणे या क्रियेला पुढे पस्तीस वर्षे लागली.

माझा स्वभाव आधीपासून टापटिपीचा. शाळेत नोकरी लागल्यावर तो पक्का झाला. लग्नानंतर आम्ही म्हैसुरातच विजयनगरला घर बांधले. मुलगी गौरी नववीत गेली त्या वर्षी जयलक्ष्मीपुरममध्ये दर रविवारी भरणाऱ्या एका वर्गाला मी जाऊ लागले. श्रद्धेच्या आधारावर कुटुंब कसे घडवावे, हे तिथे शिकवीत. विषय चांगला होता, आजही मी तसेच म्हणेन. त्या विषयाचे मी जे केले, त्याची मात्र आठवण झाली की तोंडात कडू चव येते. मी वही घातली. घरातल्या प्रत्येकासाठी स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेले. पहाटे उठणे, सत्य, वाणीचा संयम, वडीलधाऱ्यांचा आदर, प्रार्थनेला हजेरी. पाळले तर बरोबरची खूण, मोडले तर फुली. संध्याकाळी दिव्यापुढे त्या दिवसाच्या फुल्या वाचायच्या आणि ज्याची फुली त्याच्यासाठी सद्बुद्धी मागायची. माझे पती म्हणत, "पंचेचाळिसाव्या वर्षी मला परत पहिलीत घातलंस. निदान मधली सुट्टी तरी दे." मी त्यांच्या पानावर वाणीच्या रकान्यात फुली मारली.

वर्गात माझ्या वहीचे कौतुक झाले. इतरांनी पाहावी म्हणून पुढच्या वर्षी एका रविवारी आठ कुटुंबे आमच्या घरी प्रार्थनेला आली. त्या आठवड्यात गौरी शिकवणीला जाते सांगून मैत्रिणीबरोबर कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठी बसली होती. अपराध एवढाच, आणि त्याची कबुली तिने स्वतःहून, एकटीने, स्वयंपाकघरात माझ्याजवळ दिली होती. मी ती वहीत लिहिली. आणि त्या संध्याकाळी तीस माणसांसमोर, दिव्यापुढे, स्पष्ट उच्चारांत वाचली. "देवा, गौरी या आठवड्यात खोटे बोलली. तिला सद्बुद्धी दे." एका गृहस्थांनी "वा" म्हटले. गौरी उठली, पाहुण्यांच्या चपलांतून आपली चप्पल शोधली आणि मागच्या अंगणात जाऊन बसली.

त्या दिवसापासून ती प्रार्थनेला आली नाही. माझ्याशी बोलणे "हो", "नाही" आणि "झालं" या तीन शब्दांवर आले. असे दीड वर्ष गेले. बारावीनंतर ती मंगळूरला वसतिगृहात जाणार हे ठरलेले होते. मुलगी घरातून जाण्याआधी माझ्याकडे परत येते की नाही, एवढाच प्रश्न होता. त्याचे उत्तर मी रोज देवाकडे मागत होते, आणि मागत होते ते तिच्या सद्बुद्धीच्या रूपाने.

अशा वेळी आत्या आमच्याकडे आली. न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर तिची सोय आमच्या पुढच्या खोलीत केली. पहिल्याच संध्याकाळी मी देव्हाऱ्यापुढे वही उघडली. गौरीच्या पानावरची फुली वाचून हात जोडले, आणि खोलीतून ते अक्षर आले.

"शी."

मी वही मिटून आत गेले. "आत्या, मी कोणाचं वाईट मागत नाही. लेकीचं भलं मागते."

"वही आण इकडं." तिने पाने उलटली. अक्षरे तिला लागत नव्हती, फुल्या दिसत होत्या. "हे जावयाचं?"

"हो."

"किती रे बाबा फुल्या. हे पोरीचं. आणि तुझं पान?"

"वही मी ठेवते, आत्या."

"ते कळलं. तुझं पान कुठाय?"

मी म्हणाले, "परीक्षा घेणाऱ्याला कोण गुण देणार?"

"अय्यो," आत्या म्हणाली आणि वही तिने चिमटीत धरून माझ्या हाती दिली. त्या दोन बोटांच्या चिमटीने मला जितका अपमान वाटला तितका कोणत्याही शब्दाने वाटला नसता. मेलेली घूस तिने याहून आदराने उचलली होती.

दुसऱ्या दिवशी तिची वेणी घालत असताना तिने मला एक गोष्ट सांगितली. माझी आई आणि आत्या एका घरात राहत, एका चुलीवर रांधत, आणि मी पाच वर्षांची असताना दोन वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण फुटकळ होते, ते आत्यालाही धड आठवत नव्हते. "मी शनिवार धरले तेव्हा," ती म्हणाली. "कडक उपास. पाण्यावर. कशासाठी? तर वैनीला बुद्धी यावी म्हणून. एका शनिवारी विहिरीपाशी चक्कर येऊन पडले. तुझी आई धावत आली, मला उचलून आत नेलं, चमच्यानं पेज पाजली. एक शब्द बोलली नाही, पण पाजली. मी काय म्हटलं असेल मनात?"

"काय?"

"म्हटलं, देव पावला. हिला बुद्धी आली." तिचे नाक फुगले. "शी. तिची पेज माझ्या पोटात, आणि मी अशी. पुढं पावसाळ्यात वैनीला ताप आला, पाच दिवसांत गेली. माझं सांगायचं राहिलंच. उपास तेवढा पुरा झाला."

तिच्या त्या नियमाच्या दोन्ही भागांचा उगम मला त्या दिवशी कळला. कळूनही मी वही सोडली नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. माणसाला चूक दाखवून दिली की तो सुधारतो, ही आम्हा शिक्षकांची अंधश्रद्धा आहे.

त्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळी हातपाय धुऊन, धुतलेले पातळ नेसून मी देव्हाऱ्याकडे निघाले असताना पुढच्या खोलीतून घाण आली. आत्याला जुलाब झाले होते, आणि तिला उठता येत नव्हते. चादर, लुगडे, अंथरूण, सारे भरले होते. मी दारात थांबले. पदर नाकाला लावला. मला खरोखर उमासा आला. मी म्हणाले, "आत्या, एवढी प्रार्थना होऊ दे, मग मी बदलून येते."

गौरी माझ्या बाजूने आत गेली. बादली, जुने कापड, गरम पाणी, काही न विचारता तिने आणले. आत्याला कुशीवर वळवून ती पुसू लागली. आत्या म्हणत होती, "अगो मगळे, लेकी, वास मारतोय ना?" आणि गौरी म्हणत होती, "मारतोय. तू इस्पितळात काय गुलाबपाणी शिंपडत होतीस?" दोघी हसल्या. दीड वर्षात ते हसू मी ऐकले नव्हते.

मी देव्हाऱ्यापाशी गेले. वही उघडली. गौरीच्या पानावर, प्रार्थनेला हजेरी या रकान्यात, सवयीने, फुली मारली.

शाई ओली असतानाच ती मला दिसली. खोलीतली घाण अजून दाराशी होती, पण ओकारी आली ती त्या फुलीची. आयुष्यात मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, इतके नीच गुणांकन माझ्या हातून दुसरे झाले नसेल. मी काडेपेटी खाली ठेवली.

गौरी न्हाणीघरात चादर खळबळत होती. मी दाराशी उभी राहिले आणि जे सांगायचे ते एका दमात सांगितले. "तू मला एकटीला विश्वासानं सांगितलंस, ते मी तीस माणसांत वाचलं. तुझ्या भल्यासाठी नाही. मी किती चांगली आई आहे हे त्यांना दिसावं म्हणून. आणि आत्ता तू हिला धूत होतीस तेव्हा मी तुझी गैरहजेरी मांडली."

तिने मागे वळून पाहिले नाही. नळ चालूच होता. ती म्हणाली, "ऐकलं." मग म्हणाली, "उभी काय राहिलीस? दुसरं टोक धर, पिळायचंय."

आम्ही चादर पिळली. पातळ भिजले, त्याला वासही लागला. दिवा त्या दिवशी आठ वाजता लागला, आणि तो गौरीने लावला असे मी लिहिले तर वाचकांना बरे वाटेल. पण तो मीच लावला, ती आत्यापाशी बसली होती. तिला माझ्याशी नीट बोलायला आणखी पाच महिने लागले. मंगळूरच्या बसमध्ये बसताना तिने खिडकीतून विचारले, "वही कुठाय?" मी म्हणाले, "बंबात." ती म्हणाली, "पाणी तापलं का निदान?"

आत्या गेल्या मार्गशीर्षात गेली. शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बसवून घेतले. "वैनीला सांगायचं ते तुला सांगते," ती म्हणाली, "तू तिचीच." आणि शनिवारांची ती सगळी हकीकत, जी मला पाठ होती, तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितली. या वेळी शेवटी "शी" म्हटले नाही. "माझं चुकलं गं," म्हणाली, जणू समोर मी नव्हे, माझी आई होती. मग म्हणाली, "आता लाव दिवा."

हे सारे शिकूनही मी कशी आहे, तेही सांगितले पाहिजे. गौरी आता बेंगळूरुला असते. तिचे बाळ सहा महिन्यांचे आहे. आज दुपारी व्हिडिओ कॉलवर, तिच्या सासूबाई बाजूला बसलेल्या असताना, मी तिला म्हणाले, "घरात लहान मूल आहे आणि संध्याकाळी दिवा लावायची शिस्त नाही, हे बरं नव्हे." गौरीचा चेहरा मी ओळखते. तिने "हो" म्हटले. मग "झालं?" म्हटले आणि फोन ठेवला.

आता साडेसात वाजून गेले आहेत. देव्हाऱ्यापुढे हात जोडले तर पहिले वाक्य तयारच होते, "देवा, गौरीला..." पुढचे अक्षर मोठ्याने, आत्याच्याच स्वरात, माझ्याच तोंडून निघाले.

वात तेलात भिजवून ठेवली आहे. देव आहे तिथेच बसलेला आहे. आधी फोन करते.